चांगल्या टायरची हवा

टायरकाकांना मऊ टायर बघवत नसे. कुणाला गळका नळ बघवत नाही, कुणाला भिंतीवरची तिरकी तसबीर. काकांचं दुखणं टायर. रस्त्याने चालताना त्यांची नजर माणसांच्या तोंडांवर कमी आणि उभ्या गाड्यांच्या चाकांवर जास्त असायची. एका लग्नात तर जेवता जेवता उठले, दूरच्या टेबलावरच्या एका अनोळखी गृहस्थाला गाठलं आणि हळूच कानात सांगितलं, "तुमचं मागचं डावं बसलंय." त्या भल्या माणसाने आधी स्वतःची पाठ चाचपली. बोलणं गाडीबद्दल चाललंय हे त्याच्या लक्षात येईपर्यंत काका बाहेर जाऊन, कोट काढून, पायपंपाने हवा भरूनही आले होते. मग हात धुतले आणि गार झालेलं जेवण मिटक्या मारत संपवलं.

ही त्यांची निव्वळ खोड नव्हती. आभार मानायची, माया दाखवायची, चुकलं तर क्षमा मागायचीसुद्धा काकांची तीच एक रीत होती. तोंडाने गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही. तशी वेळ आली की ते घसा खाकरत, मान खाजवत आणि समोरच्याच्या गाडीकडे वळत. मुलीला शिकवणाऱ्या बाईंच्या स्कूटरला शाळेच्या सगळ्या वर्षांत कधी हवा कमी पडली नाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करणारे डॉक्टर एकदा दवाखान्याबाहेर आले, तर काका त्यांच्या गाडीची डिकी उघडून स्टेपनीत हवा भरत बसलेले.

"अहो, स्टेपनीला कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"असू द्या," काका म्हणाले. "तीही टायरच आहे."

दुकान गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोल पंपाला लागून. एका शटरचं. आत टायरांच्या थप्प्या, भिंतीवर खिळ्यांना लोंबणाऱ्या ट्यूबा, आणि कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की शेजारच्या सलूनवाल्याला कात्री थांबवून उभं राहावं लागे, कारण गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकूच येत नसे. दाराशी काळ्या पाण्याचा एक मोठा पत्र्याचा टब. आता बहुतेक गाड्यांना ट्यूबच नसते, त्यामुळे टबाला पूर्वीचा मान राहिला नाही. पण काकांनी तो हलवू दिला नव्हता.

त्या टबाशी पूर्वी काकू बसत. दुकान नवं होतं तेव्हाची गोष्ट. हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती आणि ट्रकवाले तर दारात रांग लावून उभे. काका पहारीने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढत आणि मागे फेकत. काकू टबाशी उकिडव्या बसून ती पाण्यात दाबत, हळूहळू फिरवत, आणि जिथून बुडबुडे येतील तिथे खडूने गोल करत. "सापडलं," एवढंच म्हणत. मग काका मागे न बघता हात पुढे करत आणि खुणेची ट्यूब बरोबर त्यांच्या हातात पडे. दोघांचा संसार असा एकमेकांकडे पाठ करून चालला होता, आणि छान चालला होता. दिवस दिवस काकू तशाच उकिडव्या असत. मुलगी झाली तेव्हा जेमतेम सुट्टी घेतली, आणि मग मुलीला टायरात बसवून पुन्हा टबाशी.

गुडघे त्यातच गेले. हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला काकूंनी हात लावू दिला नाही. "एक दिला, पुष्कळ झालं," म्हणाल्या. डॉक्टरांनी बजावलं की सपाट जमिनीवर काठी घेऊन खुशाल चाला, पण वाळू, चिखल, चढ-उतार यांचं नाव काढू नका. काकूंनी मान डोलावली. घरी येताना मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

कारण काकू समुद्राकाठच्या. त्यांच्या वडिलांची होडी होती. उन्हाळ्यात घरात उकडतं म्हणून सगळी भावंडं वाळूवरच झोपायची, आणि सकाळी डोळे न उघडताच, आवाजावरून, पाणी कुठवर आलंय ते सांगायची. लग्न होऊन आल्या त्या समुद्रापासून कोसभर नव्हे, पार दिवसभर लांब. माहेर सुटलं, आईवडील गेले, किनाऱ्यावरचं घरही गेलं. समुद्राबद्दल त्या फारसं बोलत नसत. फक्त एकदा, भर उन्हात टबात कोपरापर्यंत हात घालून बसल्या असताना, हसून म्हणाल्या होत्या, "माझ्या वाटणीचा एवढाच समुद्र." काकाही तेव्हा हसले होते. ते वाक्य पुढे अनेक वर्षांनी, दवाखान्यातून परतताना, त्यांना पुन्हा ऐकू आलं.

तेव्हापासून काकांनी मनाशी घेतलं होतं की हिला एकदा समुद्रावर न्यायचं. लांबून दाखवायला नाही. पाय पाण्यात बुडले पाहिजेत. पण न्यायचं कसं? सगळीकडे आधी वाळू आणि मग पाणी. उचलून नेऊ म्हणावं तर काकूंनी दवाखान्यातल्या माणसांनासुद्धा अंगाला हात लावू दिला नव्हता. "मी काय गाठोडं आहे?" असं म्हणून स्वतः काठी टेकत खाटेवर गेल्या होत्या. त्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

वाट काढली मेहुण्याने. हा काकूंचा धाकटा भाऊ. जमीन मोजणाऱ्या खात्यात ड्रायव्हर होता. साहेबलोकांना झाडाझुडपातून, नदीनाल्यांतून, वाळूतून नेण्यात त्याचा जन्म गेला. स्वतःची एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप त्याने पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. पण इतक्या वर्षांच्या हादऱ्यांनी अखेर पाठीने संप पुकारला. डॉक्टरांनी जीप बंद केली, वजन उचलणं बंद केलं, आणि वाकणंही जपून करायला सांगितलं. जीपला गिऱ्हाईक मिळालं होतं. सोमवारी नवा मालक न्यायला येणार होता.

"शनिवारी निघू, रात्री वाळूवरच तंबू टाकू," मेहुण्याने फोनवर सांगितलं. "ताईला थेट पाण्याशी नेऊन उतरवतो. जीप गेली की पुन्हा जमायचं नाही, भावोजी."

काकांनी घसा खाकरला, मान खाजवली. फोनवर हवा भरता येत नाही, याचं त्यांना त्या दिवशी फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारनंतर डांबरी रस्ता संपला. पुढे झुडपं आणि त्यांच्यामधून गेलेल्या वाळूतल्या चाकोऱ्या. मेहुण्याने जीप थांबवली, कमरेवर हात ठेवत खाली उतरला, आणि पुढच्या चाकाशी बसून किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स असा आवाज सुरू झाला.

काका दार उघडून धावले. "अरे, काय करतोयस?"

"हवा कमी करतोय."

"चांगल्या टायरची?"

"भावोजी, वाळू आहे पुढे. भरलेला टायर वाळू कापत खाली जातो. मऊ असला की पसरतो आणि वर राहतो. उंटाचा पाय असतो ना, तसं."

"मऊ टायरवर गाडी चालवली की काठ चिरतात. गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"ते डांबरावर. तुम्ही असं करा, जरा तिकडे झाडं बघा."

आणि काका खरोखरच तोंड फिरवून झाडं बघत उभे राहिले. पंक्चर काढताना त्यांनी उभ्या आयुष्यात हजारो टायरांची हवा काढली असेल, पण धडधाकट टायरची कधी नाही. चारही चाकं खाली पोट सुटल्यासारखी झाली, तेव्हा मेहुणा म्हणाला, "झालं." काकू पुढच्या सीटवर बसून नवऱ्याच्या पाठीकडे बघत पदरात हसत होत्या.

पण काय ती चाल! जीप डुलत, घरंगळत, वाळूवरून सरकत निघाली. मेहुणा स्टिअरिंग सैल धरून होता. "मऊ वाळूत थांबायचं नाही," तो म्हणाला. "एकदा चाललो की चाललो. थांबलो की रुतलो." एक उंचवटा चढून जीप पलीकडे गेली आणि समोर सगळा समुद्रच उघडला. काकूंनी काच खाली केली आणि डोळे मिटले.

"पाणी लांब आहे," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "अजून बाहेरच जातंय."

मेहुणा हसला. "बरोबर. विसरली नाहीस."

वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची एक वेडीवाकडी रेघ किनाराभर गेली होती. पाणी चढून येतं ते तिथपर्यंत. मेहुण्याने तिच्याही बरंच वर, कोरड्या वाळूवर तंबू ठोकला. गुडघ्यांमुळे काकूंना जमिनीवरून उठता येत नसे, म्हणून त्यांची गादी जीपच्या मागच्या भागात घातली. मग त्याने बोट दाखवून सगळा बेत समजावला. रेघेच्या वरची वाळू साखरेसारखी सैल. रेघेच्या खाली, पाण्याने भिजलेली, ती रस्त्यासारखी कडक. उद्या न्याहारीनंतर पाणी पुरतं चढेल आणि उतरायला लागेल. तेव्हा जीप खाली न्यायची, कडक वाळूवर, ताईला अगदी लाटेशी उतरवायचं.

"आत्ताच नेऊ की," काका म्हणाले.

"आता पाणी चढणार. चढत्या पाण्यात खाली जायचं नाही, उतरत्या पाण्यामागे जायचं. आमच्या बाबांचा नियम." आणि उद्या दुपारी आपल्याला निघायला हवं, हेही त्याने सांगून ठेवलं. म्हणजे वेळ होती ती सकाळची, तेवढीच.

संध्याकाळी त्यांनी शेकोटी पेटवली, राखेत बटाटे भाजले, किटलीत चहा उकळला. त्यात थोडी वाळू गेली होती, पण कुणी तक्रार केली नाही. काकू घडीच्या खुर्चीत बसून बोलत होत्या. एरवी घरात त्यांचा आवाज गरजेपुरता, इथे थांबेनात. वडील होडीला रंग देताना कसे गात, भाऊ लहानपणी खेकड्याला घाबरून कसा झाडावर चढला होता, आईच्या हातचा मार खाल्ला तो कुठल्या खडकावर. मेहुणा मध्ये मध्ये "खोटं, साफ खोटं" म्हणत होता. काका ऐकत होते. ही बाई इतकी वर्षं आपल्या पाठीमागे बसली होती आणि हे सगळं हिच्यात होतं, असं त्यांच्या मनात येत होतं. मेहुण्याचे उपकार कसे फेडावेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांची नजर सारखी जीपच्या चाकांकडे जात होती.

पहाटे उजाडायला लागलं तसे काका सवयीने उठले. मेहुणा गळ घेऊन लांबच्या खडकांकडे गेलेला दिसला. काकू जीपमध्ये झोपल्या होत्या. आणि जीप बिचारी चार पोचट चाकांवर बसली होती. काकांचे हात शिवशिवू लागले.

त्यांनी विचार केला, आणि विचार तसा अगदीच अडाणी नव्हता. मऊ वाळूतून यायचं होतं ते आलो. आता जायचं खाली, तिथली वाळू रस्त्यासारखी कडक, हे मेहुण्यानेच सांगितलं. कडक जमीन म्हणजे भरलेला टायर. परतताना वाकून वाकून त्याची पाठ मोडण्यापेक्षा आपणच आत्ता करून टाकलेलं बरं. तंबूपासून त्या रेघेपर्यंतचा साखरेसारख्या वाळूचा पट्टा मात्र त्यांच्या हिशेबातून साफ निसटला. हवा भरायला मिळणार म्हटल्यावर काकांना बाकीचं दिसेनासं होतं, हे घरातल्यांना ठाऊक होतं. पण इथे घरातल्या त्या एकट्या काकू, आणि त्या झोपल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून पायपंप काढला. तो आणल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. एकेका चाकाशी उभं राहून, घाम पुसत, मन लावून, त्यांनी चारही टायर टणटणीत केले. पाऊल दाबलं की त्यांच्या मनात एकच चाललं होतं: घे बाबा, हे तुझ्यासाठी. तू हिला इथवर आणलंस.

एकेक कोपरा हळूहळू उचलला जात होता, तशी आत काकूंना अर्धवट जाग आली. "अहो," त्या झोपेतच म्हणाल्या, "मला वाटलं मी बाबांच्या होडीत आहे. पाणी चढतंय."

"झोप तू," काका म्हणाले. "वारा आहे."

न्याहारी झाली. पाणी रेघेच्या जवळपास आलं, तिथे जरा घुटमळलं आणि उतरायला लागलं. "चला," मेहुणा म्हणाला. काकू पुढे बसल्या. पायांतल्या चपला त्यांनी आधीच काढून हातात घेतल्या होत्या. काका मागे बसले, मनातून खूश. खाली पोचलो की हा उतरून चाकं बघेल आणि मग चकित होईल, असा त्यांचा अंदाज होता.

चकित तो त्याच्या आधीच झाला. जीप चार हात गेली, गुरगुरली आणि बसली. मेहुण्याने गिअर बदलला. चाकांनी वाळू उडवली आणि जीप आणखी खाली गेली. "काल तर लोण्यासारखी चालत होती," तो पुटपुटला. त्याने मागे घ्यायचा प्रयत्न केला. आता मागचं अंगही खचलं. तो कमरेवर हात ठेवून खाली उतरला, पुढे गेला, आणि तिथेच थांबला.

"भावोजी."

"काय?"

"जरा टायर बघा."

"बघितलेत," काका आतूनच म्हणाले. "चांगले आहेत."

मेहुण्याच्या सगळं लक्षात आलं. रागवावं की हसावं हे त्याला ठरवता येईना, आणि दुखऱ्या पाठीने दोन्ही त्रासाचंच होतं. काकांनी मान खाली घातली. "तुझी पाठ दुखते," ते म्हणाले. "म्हटलं, तुला वाकायला नको."

समोर पाणी चाललं होतं. गडबड न करता, पण चाललं होतं. प्रत्येक लाट मागच्यापेक्षा जरा कमी वर येत होती. काकू काचेतून बघत होत्या. चपला अजून मांडीवरच होत्या.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "इथून दिसतोय की सगळा. रात्रभर ऐकला. माझं मन भरलं."

त्या मनापासून म्हणत होत्या, आणि म्हणूनच काकांना ते जास्त लागलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काका जीपमधून उतरले, वाळूत फतकल मारली आणि पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हची पिन दाबली.

फुस्स. थोडी हवा गेली आणि त्यांचा अंगठा आपोआप सुटला. "एवढी पुरे," ते म्हणाले.

"अजून," मेहुणा म्हणाला.

पुन्हा फुस्स, पुन्हा अंगठा सुटला. सगळं आयुष्य ज्या आवाजामागे ते धावत गेले, तो बुजवायला गेले, तो आवाज आता स्वतःच्या हाताने काढायचा होता. हात ऐकत नव्हता.

"सोडा हो," वरून काकूंचा आवाज आला. "किती धरून ठेवाल? सोडा."

मग काकांनी डोळे मिटले आणि अंगठा दाबून धरला. चारही चाकांशी ते तसेच बसले. टायर आडवा पसरला की मेहुणा "बस्स" म्हणे आणि ते पुढच्याकडे सरकत. नंतर परातीने चाकांपुढची वाळू उपसली. तंबूचं कापड, सतरंजी, काकूंच्या गादीवरची चादर, जे मिळेल ते चाकांखाली कोंबलं. मेहुण्याने सांगितलं की जीप हलकी करायची, सगळं बाहेर. पाण्याचा कॅन बाहेर आला, भांड्यांची पेटी आली, आणि शेवटी काकूही काठी टेकत, दाराला धरत उतरल्या आणि तिथेच वाळूत मांडलेल्या खुर्चीत बसल्या.

"निघाली तर मी थांबणार नाही," मेहुणा म्हणाला. "थांबलो की संपलं. थेट खाली कडक वाळूवर जाऊन उभा राहीन."

"जा तू," काका म्हणाले आणि मागून खांदा लावला.

जीप कुरकुरली, चादरीवर चढली, सतरंजीवर चढली, आणि एकदम सुटली. काका तोंडावर आपटले. डोकं वर काढून बघतात तर जीप डुलत डुलत रेघ ओलांडून खाली पोचलीसुद्धा. काकांच्या तोंडात वाळू होती आणि छाती आनंदाने भरून आली होती. मग त्यांनी मागे पाहिलं. काकू खुर्चीत. जीप तिकडे. आणि मध्ये तो सगळा साखरेसारखा पट्टा.

मेहुणा खालून हात हलवून काहीतरी ओरडत होता. त्याला वजन उचलता येत नव्हतं आणि जीप पुन्हा वर आणणं म्हणजे पुन्हा तोच खेळ. पाणी आणखी मागे गेलं होतं.

काका काकूंसमोर आले आणि पाठ करून उकिडवे बसले. टबाशी काकू बसत, तसे.

"बस पाठीवर."

"काहीतरीच काय? लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे?"

काकूंनी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. "मी जड आहे," त्या म्हणाल्या.

"ट्रकचे टायर उचललेत मी."

"मला ट्रकचा टायर म्हणताय?"

काका नुसते बसून राहिले. त्यांची पाठ, मान, कानामागे चिकटलेली वाळू काकू बघत होत्या. ज्या बाईने दवाखान्यात कुणाला अंगाला हात लावू दिला नाही, तिने काठी खाली ठेवली, दोन्ही हात नवऱ्याच्या गळ्यात टाकले आणि म्हणाली, "उठा मग. आणि मला पाडलंत तर बघा."

पहिली पावलं वाईट गेली. काका बुटांनी टाच मारत चालत होते आणि प्रत्येक पाऊल घोट्याच्या वर रुतत होतं. दम लागला. "बूट काढा," काकू कानाशी म्हणाल्या. "टाच मारू नका. पाऊल सपाट टाका, सैल. बोटं पसरा. वाळूवर असं चालतात." काकांनी बूट झटकून टाकले. पाऊल सपाट टाकलं, सैल सोडलं, आणि वाळूने त्यांना धरलं नाही. ते चालू लागले. काकूंना हसू आवरेना. त्यांच्या हसण्याने पाठीवरचं वजन हलत होतं आणि काका "हलू नकोस" म्हणत स्वतःही हसत होते.

रेघ आली, कडक वाळू आली, जीप आली. मेहुण्याने दार उघडून धरलं होतं. "बसवा तिला, पुढे मी नेतो," तो म्हणाला. काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते सरळ पुढे गेले. मग मेहुणाही समजला, आणि वर जाऊन रिकामी खुर्ची आणि काठी घेऊन त्यांच्यामागून आला.

पाण्यात खुर्ची ठेवली आणि काकूंना तीत बसवलं. लाट आली. आधी बोटं, मग घोटे, मग पोटऱ्या. काकूंनी "हं" एवढाच आवाज केला आणि दोन्ही हातांनी साडी गुडघ्यांपर्यंत वर घेतली. एक गुडघा ऑपरेशनच्या व्रणाचा, दुसरा सुजलेला. दोन्हींवरून पाणी गेलं.

मेहुणा जरा लांब जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि उगाचच खूप वेळ नाक पुसत राहिला.

लाट मागे सरली तसं काकूंच्या पायांशी ओल्या वाळूतून बारीक बारीक बुडबुडे वर आले. आत कुठेतरी शिंपल्यातले जीव असतील, खेकडे असतील. काकू खाली बघत होत्या. त्यांनी काठी हातात घेतली आणि काठीच्या टोकाने त्या बुडबुड्यांभोवती नीट गोल काढला.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

आणि त्यांच्यापुढे पाठ करून उभ्या काकांचा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, मागे न बघता पुढे झाला. हातात काही पडलं नाही. मग त्यांनी वळून पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच, आणि ओल्या वाळूत काकूंच्या पायाशी बसले. त्यांनी घसा खाकरला, मान खाजवली. इकडे तिकडे बघितलं. जीप लांब होती आणि पंप वर सामानात होता.

"तू बसायचीस म्हणून दुकान उभं राहिलं," काका म्हणाले. "तुझे गुडघे गेले आणि माझं घर झालं. मला हे कधीचं सांगायचं होतं. मी तुझा आभारी आहे."

काकूंनी त्यांच्या केसांतली वाळू झटकली. दुसरी लाट आली, गोल पुसला गेला, आणि पाणी ओसरल्यावर बुडबुडे पुन्हा वर येऊ लागले. काकांचा अंगठा आपोआप तिकडे वळला.

काकूंनी त्यांचा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला. "हे बुजवू नका," त्या म्हणाल्या. "बसा जरा."

पाणी उतरत राहिलं. मेहुण्याला दुपारी निघायचं होतं, पण त्याने हाक मारली नाही.